शाळेतलं 'कोर्ट' म्हणजे नक्की काय?

गेल्या सोमवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला माझ्या मुलीच्या शाळेची सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. नेरूळची शाळा, सातवीच्या वर्गाचा ग्रुप. सूचना जेमतेम सहा ओळींची: येत्या सत्रापासून सातवी ते दहावीसाठी 'विद्यार्थी न्यायमंडळ' सुरू होत आहे, सविस्तर माहिती शनिवारच्या पालकसभेत मिळेल. झोपायच्या आत तिच्याखाली शंभरावर मेसेज पडले. 'म्हणजे आता मुलं मुलांवर केस घालणार?' 'माझ्या मुलाला शेजारच्या बाकावरच्या पोराने शिक्षा सुनवायची, हे मला चालणार नाही.' 'मग मुख्याध्यापक काय करणार?' एका बाबांनी विचारलं, 'वकील द्यावा लागेल का?' त्यांना खरोखरच काळजी वाटत होती, हे त्यांच्या पुढच्या तीन मेसेजवरून कळत होतं.

मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करते. गेली तीन वर्षं दर गुरुवारी दुपारी ठाण्यातल्याच एका शाळेच्या अशाच मंडळाला मदत करायला जाते. त्या रात्री ग्रुपवर दोन-तीन उत्तरं लिहिली आणि लक्षात आलं की हे मेसेजमध्ये मावणारं नाही. म्हणून हा लेख.

इथे 'केलं की नाही' हे ठरत नाही

कोर्ट म्हटलं की डोळ्यांसमोर सिनेमातलं कोर्ट येतं. पिंजरा, साक्षीदार, उलटतपासणी, शेवटी निकाल. शाळांमधल्या बहुतेक न्यायमंडळांत यातलं काहीच नसतं, कारण मंडळासमोर येण्याची पहिली अटच ही असते की त्या मुलाने आपली चूक आधी मान्य केलेली असली पाहिजे. 'मी केलं नाही' असं मूल म्हणत असेल, तर ते प्रकरण मंडळाकडे येतच नाही. ते नेहमीसारखं वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांकडे जातं.

असं का, ते माझ्या धंद्यामुळे मला चांगलं ठाऊक आहे. खरं काय घडलं ते शोधणं हे फार अवघड काम आहे. पुरावा तोलायचा, खोटं बोलणारा ओळखायचा, शंकेचा फायदा कुणाला द्यायचा ते ठरवायचं. वीस वर्षं न्यायासनावर बसलेली माणसंही त्यात चुकतात. ते ओझं चौदा वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर ठेवायचंच नाही, हे या पद्धतीतलं सगळ्यांत मोठं शहाणपण.

मग उरतं काय? उरतो तो प्रश्न आपण मोठी माणसंही नीट सोडवत नाही: झालं ते झालं, आता पुढे काय? सिडकोच्या इमारतीत राहणाऱ्यांना गळती सांगायला नको. वरच्या मजल्यावरचे काका 'हो, आमच्याच बाथरूमचं पाणी तुमच्या छतात झिरपतंय' असं म्हणाले, की दोष कुणाचा हा वाद संपला. पण छत अजून ओलंच आहे. प्लंबर कोण बोलावणार, पोपडे धरलेल्या छताला रंग कोण देणार, पावसाळ्याआधी होणार की नंतर, आणि जिन्यात समोरासमोर आल्यावर दोन्ही घरं एकमेकांशी बोलणार का, हे सगळं बाकी असतं. विद्यार्थी न्यायमंडळाचं काम इथून सुरू होतं.

आणि कुणाला ओढून आणलेलं नसतं. मूल आणि पालक दोघांची लेखी संमती लागते. मधेच वाटलं की नको, तर उठून नेहमीच्या मार्गाने जाता येतं.

कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे

पोलंडमध्ये वॉर्सा शहरात जानुश कोरचाक नावाचे डॉक्टर १९१२ पासून ज्यू मुलांचं अनाथालय चालवत होते. तिथे त्यांनी मुलांचं न्यायालय सुरू केलं. ज्या मुलांवर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडायचे. तक्रार मुलांविरुद्ध करता यायची, तशी मोठ्यांविरुद्धही. न्यायालयाची स्वतःची संहिता होती आणि तिच्यातली पहिली नव्व्याण्णव कलमं या ना त्या कारणाने सोडून देणारी होती. दोष नोंदवणारं पहिलं कलम शंभरावं. घराबाहेर काढण्याचं कलम हजारावं, अगदी शेवटचं. सहा महिन्यांत खुद्द कोरचाक पाच वेळा या न्यायालयासमोर उभे राहिले, स्वतःच स्वतःवर तक्रार नोंदवून. एकदा एका मुलाच्या कानाखाली लगावली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेलं, तेव्हा वाचण्याची संधी असूनही हे डॉक्टर मुलांबरोबर गेले. त्यांच्याबद्दल वाचताना मला दर वेळी त्या नव्व्याण्णव कलमांपाशी थांबावंसं वाटतं. संहिता लिहायला बसलेल्या माणसाने सुरुवात माफीपासून केली.

आज 'यूथ कोर्ट' किंवा 'टीन कोर्ट' या नावाने जे ओळखलं जातं, ते मात्र अमेरिकेतलं. त्याआधी तुरळक प्रयोग झाले होते, पण १९८३ मध्ये टेक्सासमधल्या ओडेसा शहरात सुरू झालेलं टीन कोर्ट इतरांसाठी नमुना ठरलं. पुढच्या अडीच-तीन दशकांत तिथे अशा मंडळांची संख्या हजाराच्या वर गेली. काही पोलिसांशी किंवा न्यायालयाशी जोडलेली, काही पूर्णपणे शाळेची. दुकानातून वस्तू उचलणं, भिंत खराब करणं, हाणामारी अशा पहिल्यांदाच घडलेल्या किरकोळ गोष्टी तिथे येतात.

आपल्याकडे हे अगदीच परकं आहे असंही नाही. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतं, शिस्तमंत्री असतो, स्वच्छतामंत्री असतो. २००७ मध्ये राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तीही याच विचाराने, की छोटे तंटे गावातच, माहितीतल्या माणसांसमोर मिटावेत.

खोलीत कोण बसतं

पद्धती वेगवेगळ्या आहेत. कुठे न्यायाधीशाच्या जागी मोठं माणूस असतं आणि बाकी सगळी मुलं. कुठे न्यायाधीशही मुलगा किंवा मुलगी. कुठे तीन मुलांचं पीठ. आणि कुठे वकील वगैरे कुणीच नसतं, पाच-सात मुलं गोल बसून थेट प्रश्न विचारतात. शाळेसाठी मला शेवटची पद्धत सगळ्यांत बरी वाटते, कारण तिच्यात भाषणबाजीला वाव नसतो. वकील नेमले की मुलं जिंकायला बघतात. मी रोज तेच बघते, शाळेत बघायची इच्छा नाही.

ठाण्याच्या शाळेत आम्ही विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बसतो, कारण तिथली स्टुलं हलवता येतात. पाच मुलांचं मंडळ. ज्याच्या हातून चूक झाली तो, आणि त्याच्या सोबतीला त्याने निवडलेलं एक मूल. ज्याला त्रास झाला त्याची इच्छा असेल तर तो, नसेल तर त्याने लिहून दिलेला कागद. एक समुपदेशक बाई आणि मी, दाराजवळ. आम्ही दोघी फक्त दोन कारणांसाठी तोंड उघडतो: कुणी कुणाला दुखावणारं बोललं तर, किंवा निर्णय नियमांच्या बाहेर चालला तर.

एक स्टिकर

तपशील बदलून एक प्रकरण सांगते. आठवीतल्या एका मुलाने शाळेच्या बसमध्ये वर्गमित्राचा झोपेतला फोटो काढला. तोंड उघडं, ओठांच्या कडेला लाळ. त्याचा व्हॉट्सॲप स्टिकर केला आणि तीन ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत तो स्टिकर दुसऱ्या तुकड्यांत पोचला. 'गुड नाईट' म्हणायला मुलं तो वापरू लागली. ज्याचा फोटो होता तो मुलगा बसने यायचा बंद झाला. आई रोज रिक्षाने सोडायला लागली, तेव्हा घरी कळलं.

स्टिकर करणारा मुलगा स्टुलावर बसून पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. 'गंमत म्हणून केलं,' एवढं एकच वाक्य त्याने पाठ करून आणलं होतं. मंडळातल्या नववीच्या मुलीने वही उघडली.

'स्टिकर करायला किती वेळ लागला?'

'दोन मिनिटं.'

'तो बसने यायचा बंद झाला, त्याला किती दिवस झाले?'

'माहीत नाही.' मग थोड्या वेळाने, 'अकरा.'

'बसमध्ये त्याच्या सीटवर आता कोण बसतं?'

टोपण थांबलं. 'मी,' तो म्हणाला. 'खिडकी आहे म्हणून.'

पंधरा वर्षांच्या वकिलीत इतका नेमका प्रश्न मला क्वचित सुचला आहे. तिला सुचला, कारण ती रोज त्याच बसने येते आणि खिडकीची जागा म्हणजे काय ते तिला माहीत आहे. शिक्षकांनी विचारलं असतं, 'असं करणं बरोबर आहे का?' आणि मुलाने उत्तर दिलं असतं, 'नाही, सॉरी.'

पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा. मंडळाने ठरवलं, याने सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. आम्हा दोघींनाही ते ठीक वाटलं होतं. मग ज्याचा फोटो होता त्या मुलाला विचारलं. तो लगेच म्हणाला, 'नको. जे विसरलेत त्यांनापण परत आठवेल.' आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. त्याने तिन्ही ग्रुपवर स्वतः लिहायचं की हा स्टिकर मी केला होता, कृपया काढून टाका. ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांना एकेकट्याला सांगायचं. माफी दोघांतच, लेखी. विचारल्याशिवाय फोटो काढण्याबद्दल सहावीच्या मुलांसाठी एक पानभर लिहायचं, त्यात या घटनेचा उल्लेख करायचा नाही. आणि खिडकीची जागा रिकामी करायची. चार आठवड्यांची मुदत. पाचव्या दिवशी तो मुलगा बसने आला.

शिक्षा आणि भरपाई यांतला फरक

या विचाराला 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस' म्हणतात. मोडलेलं पुन्हा जागेवर आणणारा न्याय असा त्याचा अर्थ. पुढे मी नुसतं 'भरपाई' म्हणते. शिक्षेत प्रश्न असतो, कोणता नियम मोडला आणि त्याला किती दंड. भरपाईत प्रश्न असतो, कुणाचं काय बिघडलं आणि ते कोण, कसं भरून देणार.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण कॅनडातलं आहे. १९७४ मध्ये ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी तोडफोड केली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं, यांना त्या लोकांच्या घरी पाठवून बघू. न्यायाधीशांनी मानलं. दोघं दारोदार गेले, कुणाचं काय फुटलं ते ऐकून घेतलं आणि काही महिन्यांत नुकसान भरून दिलं. नुसता दंड भरला असता तर त्यांना एकाही दारामागचा चेहरा दिसला नसता.

आपल्या शाळांना याची गरज आत्ताच का भासते आहे, त्यालाही कारण आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. कलम १६ मुळे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दोन्ही तरतुदी योग्यच आहेत आणि फार उशिरा आल्या. पण छडी गेली तिच्या जागी काय आणायचं, हे शिक्षकांना कुणी शिकवलं नाही. राहिले डायरीतला लाल शेरा आणि 'उद्या पालकांना घेऊन ये'. साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हातात तेवढंच उरलं होतं.

'पण एवढ्या लहान मुलांना एवढी समज असते का?'

ग्रुपवरचा हा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मांडलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी मुलांना छोट्या छोट्या गोष्टी सांगून विचारलं, याला काय शिक्षा द्यावी? लहान मुलांचा कल जास्तीत जास्त कडक शिक्षेकडे होता. वय वाढलं तशी मुलं चुकीशी संबंध असलेली शिक्षा निवडू लागली: फोडलं ना, मग दुरुस्त कर. म्हणूनच असं मंडळ सातवीच्या आधी सुरू करू नये. नेरूळच्या शाळेने सातवीची रेघ मारली आहे, ती मला योग्य वाटते.

तरीही पहिल्या दोन-तीन बैठकांत मुलं कठोरच असतात. 'महिनाभर खेळाचा तास बंद' हा त्यांचा आवडता निर्णय. त्यासाठी प्रशिक्षण लागतं. आमच्या शाळेत मंडळावर बसण्याआधी प्रत्येक मूल आठ तास बसून शिकतं: प्रश्न कसा विचारायचा, गप्प राहून उत्तराची वाट कशी बघायची, ऐकलेलं बाहेर का बोलायचं नाही.

दुसरी बाजूही बघा. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी मित्र बसवले. मित्र बघत असले की तेरा ते सोळा वयाची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत होती. मोठ्यांवर मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम दिसला नाही. बरोबरीच्या मुलांची नजर या वयात किती ताकदीची असते, हे घरात किशोरवयीन मूल असलेल्या कुणालाही पटेल. तीच नजर मुलाला चुकीकडे ढकलते. ती परतीच्या वाटेकडेही वळवता यावी, एवढाच हा प्रयत्न आहे.

'मित्र मित्राला सोडून देणार'

गल्ली क्रिकेटमध्ये अंपायर कोण असतो? बॅटिंग करणाऱ्या टीमचाच पोरगा. म्हणून तर गल्लीत एलबीडब्ल्यू नसतं. देणारा देणार नाही आणि घेणारा मानणार नाही, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. कायद्यात याला नैसर्गिक न्यायाचं तत्त्व म्हणतात: स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश असू नये. त्याच्याच जोडीचं दुसरं, बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये.

पहिल्या वर्षी हे मी स्वतः सांभाळलं नाही. एका मुलाने वर्गातल्या मुलीची चित्रकलेची वही फाडली होती. त्याच्या मंडळातले दोन जण त्याच्याच फुटबॉल संघातले निघाले, आणि मी आधी विचारलं नव्हतं. 'नवी वही आणून दे' एवढ्यावर दहा मिनिटांत बैठक संपली. वही साठ रुपयांची होती, पण तिच्यातली चित्रं वर्षभराची होती. ती मुलगी जिन्यात रडताना समुपदेशक बाईंना दिसली. बैठक नव्या मंडळासमोर पुन्हा घ्यावी लागली. तेव्हापासून मोठ्या यादीतून चिठ्ठ्या टाकून पाच नावं निघतात, तीही वेगळ्या इयत्तेतली. आणि दोन्ही बाजूंना यादी दाखवून विचारलं जातं, यातल्या कुणाबद्दल हरकत आहे का? कारण सांगायची सक्ती नाही. कोरचाकांनी चिठ्ठ्या का टाकल्या, ते मला त्या जिन्यात उमगलं.

माझी खरी भीती: जातपंचायत

मोठ्यांच्या हातातून न्याय काढून तो समूहाच्या हाती दिला की काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राला पुस्तकात वाचावं लागत नाही. पंचांनी बसायचं, सगळ्यांसमोर माणसाला उभं करायचं, दंड लावायचा, नाही मानला तर वाळीत टाकायचं. घरी कुणी जायचं नाही, कुणी बोलायचं नाही. हे थांबवायला राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. आपल्या या पट्ट्यातल्या, ठाणे-रायगडच्या गावांमधल्या जुन्या माणसांना वाळीत पडलेलं घर कसं दिसतं ते विचारा.

मुलांच्या वर्गात बहिष्कार आणखी सोपा असतो. डबा खाताना सरकून बसलं की झाला. म्हणून मंडळ चांगलं की वाईट हे ठरतं ते त्याला काय करायला मनाई आहे यावर. मंडळाने कुणाशी बोलू नका, खेळायला घेऊ नका असं सांगायचं नाही. चारचौघांत मान खाली घालायला लावायची नाही. पैशाचा दंड नाही. अंगमेहनतीची अशी कामं नाहीत ज्यांतून मूल हिणवलं जाईल. शौचालय साफ करायला लावणं हे आपल्या समाजात निव्वळ 'काम' नसतं, त्याला जातीचा इतिहास आहे. बैठक बंद दाराआड. आणि ठरलेलं पूर्ण झालं की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. हे नियम लिहिलेले नसतील तर असं मंडळ नसलेलंच बरं, असं मी ठामपणे म्हणते.

जे इथे कधीच आणायचं नाही

लैंगिक स्वरूपाची कुठलीही तक्रार, मग करणारं मूल असो की मोठं माणूस, या खोलीत येता कामा नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण उघड झालं तेव्हा आपल्या जिल्ह्यातले पालक रेल्वे रुळांवर उतरले होते. त्यानंतर तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांवर भर आला. विद्यार्थी मंडळ यांतल्या कशाचीही जागा घेऊ शकत नाही. 'मुलांनी आपसांत मिटवलं' हे वाक्य अशा वेळी धोक्याचं असतं.

तसंच गंभीर मारहाण, शस्त्र, अमली पदार्थ, जातीवरून अपमान. तसंच एकाच मुलाचा महिनोन्महिने चालवलेला छळ. छळणाऱ्यासमोर त्याला स्टुलावर बसवून 'आता बोला' म्हणणं हा त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय आहे. शिक्षकांविरुद्धची तक्रारही शाळेच्या रीतसर मार्गानेच जावी. कोरचाकांचं धाडस मला कितीही भावलं तरी आपल्या शाळांमध्ये आज त्या मुलाला वर्षभर त्याच शिक्षकांच्या वर्गात बसायचं असतं.

नावाचाही गोंधळ होतो. 'बाल न्याय मंडळ' ही गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठीची वेगळी, कायद्याने नेमलेली यंत्रणा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे तिच्यात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांतली किमान एक महिला. शाळेतल्या मंडळाला असा कुठलाही अधिकार नाही. तिथे दिलेली कबुली म्हणजे पोलीस रेकॉर्ड नव्हे. वकील द्यावा लागत नाही.

उपयोग होतो का, खरं सांगा

संमिश्र आहे. अमेरिकेतल्या अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २००२ मध्ये चार राज्यांतल्या टीन कोर्टांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अलास्कात टीन कोर्टातून गेलेल्या मुलांपैकी ६ टक्के सहा महिन्यांत पुन्हा पकडली गेली, नेहमीच्या मार्गाने गेलेल्यांपैकी २३ टक्के. हा आकडा सगळे सांगतात. त्याच अभ्यासात मेरीलँडमध्ये उलटं दिसलं, टीन कोर्टाचे ८ टक्के आणि दुसऱ्या गटाचे ४. तो फरक छोटा होता, ठाम निष्कर्ष काढण्याजोगा नव्हता, आणि तिथल्या दुसऱ्या गटाला पोलिसांकडूनच समुपदेशनासारखी मदत मिळत होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात मुलांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. त्यात टीन कोर्टाचा गट सरस ठरला नाही.

मी यातून काढलेला अर्थ असा: 'कोर्ट' या नावात जादू नाही. मुलाकडे कुणीतरी नीट लक्ष दिलं, त्याला काहीतरी भरून द्यायला लावलं आणि मग परत आत घेतलं, तर फरक पडतो, मग ते पोलिसांनी केलेलं असो की मुलांनी. वरचे आकडे पोलिसांपर्यंत गेलेल्या परक्या देशातल्या मुलांचे आहेत. नेरूळच्या सातवीतल्या मुलांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

मला दर गुरुवारी दिसतो तो फायदा मंडळावर बसणाऱ्या मुलांमध्ये. दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेतल्यावरच बोलायचं, ही सवय मी आमच्या कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्येही इतकी पाहिलेली नाही. आणि अमेरिकेत अनेक ठिकाणी एक छान रीत आहे: ज्याचं प्रकरण झालं, त्याला पुढे इतरांच्या प्रकरणात मंडळावर बसावं लागतं. आम्हीही ती घेतली. तो टोपणवाला मुलगा या वर्षी मंडळाच्या यादीत आहे.

शनिवारच्या सभेत

नेरूळच्या शाळेची सूचना मी चार वेळा वाचली. संमतीपत्र आहे, प्रशिक्षण आहे, सातवीची अट आहे, कुठली प्रकरणं घेणार नाहीत त्याची यादी 'सभेत दिली जाईल' असं आहे. एका गोष्टीबद्दल मात्र चकार शब्द नाही. बैठकीत लिहिलेले कागद कुठे राहणार, कोण वाचू शकणार आणि कधी फाडले जाणार? बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख जाहीर करायला मनाई करतं. ते शाळेच्या मंडळाला थेट लागू होत नसलं तरी त्यामागचं कारण इथेही तेवढंच खरं आहे. दहावीच्या निरोप समारंभापर्यंत, किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत, सातवीतली एक दुपार मुलाच्या मागे जाता कामा नये.

ठाण्याच्या शाळेत दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी समुपदेशक बाई ती फाइल काढतात आणि मंडळातली मुलं एकेक कागद हाताने फाडतात. नेरूळला तो दिवस कोणता असेल, हे मी शनिवारी सकाळी सगळ्यांत आधी विचारणार आहे. ग्रुपवरच्या त्या बाबांनाही माझ्या शेजारी बसायला सांगितलं आहे.